पाणी किती वाजता येतं?

मुंबईत मी पाहिलेलं पहिलं घर पवईला होतं, चौदाव्या मजल्यावर. दलालाने पडदा सरकवला आणि "बघा मॅडम, व्ह्यू" म्हणून बाजूला उभा राहिला. तलावाचा एक कोपरा दिसत होता, त्यावर संध्याकाळचं पिवळं ऊन. मी विचारलं, "पाणी किती वाजता येतं?" त्याला हसू आवरेना. "टॉवर आहे मॅडम. चोवीस तास."

हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. मी लातूरहून आले होते आणि साल २०१६ होतं. त्याच एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली होती, जलदूत नाव दिलेली. आमच्या गल्लीत पाणी 'किती वाजता' येतं असं कुणी विचारतच नसे, 'किती दिवसांनी' असं विचारत. स्थळ बघायला आलेले पाहुणेसुद्धा मुलीच्या शिक्षणाआधी बोअरला किती पाणी आहे ते विचारून घेत. निघताना बाबांनी एवढंच सांगितलं होतं, "घर कसंबी असू दे, पाण्याचं बघून घे."

त्या हिशेबाने चोवीस तास पाणी म्हणजे स्वर्गच. पण खाली उतरल्यावर रिक्षाची वाट बघत मी गेटपाशी वीस मिनिटं उभी राहिले, रात्रीचे आठ वाजलेले, आणि तेवढ्या वेळात रस्त्याने पायी जाणारं एक माणूस दिसलं नाही. गाडी यायची, गेट उघडायचं, गाडी तळघरात गडप व्हायची. वॉचमनने दोनदा विचारलं, "कुणाकडे?" कोथिंबीर कुठे मिळते असं मी त्यालाच विचारलं, तर त्याने खिशातला मोबाइल काढून दाखवला. भाडं २८ हजार आणि माझा पगार ३२. म्हणजे प्रश्न तसाही उरत नव्हता. ऑफिसातल्या एकीने आपलेपणाने पत्ता पाठवला होता, आणि कुणी आपलेपणाने सांगितलं की बघून तरी यावं लागतं.

ऑफिस परळला, एका बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात. चिमणी तेवढी शिल्लक ठेवून बाकी सगळं काचेचं केलेलं. पहिले तीन आठवडे मी आईच्या मावसबहिणीकडे कल्याणला काढले आणि रोज संध्याकाळी, शनिवार-रविवार, घरं बघितली. आमच्या ऑफिसातले शिपाई काका लालबागचे. मी रोज कुठल्या तरी स्टेशनचं नाव घेऊन यायची आणि ते मान हलवायचे. एक दिवस म्हणाले, "आमच्या वडिलांच्या वेळी घर शोधायचं नसायचं. गावाचं नाव सांगायचं, खोली दाखवायचे."

ते खरंच होतं. कोकणातून, साताऱ्याकडून गिरणीत आलेल्या माणसाला गिरणगावात गावकीची खोली असायची. एका खोलीत पंधरा-वीस जण, पाळ्यांनी झोपणारे: पहिल्या पाळीवाला उठून गेला की रात्रपाळीवाला येऊन त्याच जागी आडवा व्हायचा. ट्रंका भिंतीला, वळकट्या खुंटीला. जेवण खानावळवालीकडे, हिशेब महिन्याला. गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती दर्यावर्दींचे आणि नोकरदारांचे धोबीतलावाच्या बाजूला कूड, म्हणजे सामाईक राहायच्या जागा होत्या, त्याही गावागावाच्या. जहाजावरून उतरलेला माणूस थेट आपल्या गावाच्या कुडात जायचा. अशी खोली काही सुखाची नसणार, ढेकूण आणि घोरणं आणि दुसऱ्याच्या घामाची चादर. पण वस्ती कशी शोधायची हा प्रश्न त्या माणसापुढे नव्हता. वस्ती त्याच्याआधी येऊन बसलेली असे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तो कधी संपला हे नीट कुणी सांगत नाही, आणि त्याबरोबर पगारही गेले, खानावळीही गेल्या. आम्हा लातूरकरांची तर अशी खोली मला कुठे सापडली नाही. आमच्याकडची माणसं जातात पुण्याला. तिथे प्रत्येक वसतिगृहात आपलं कुणी ना कुणी भेटतंच.

डोंबिवली मला मनापासून आवडली होती. रविवारी सकाळी फडके रोडवर गेले तर वाटलं, सगळं गाव कुणाच्या तरी लग्नाला जमलंय. पुस्तकांची दुकानं, पोळी-भाजी केंद्रं, शास्त्रीय गाण्याच्या क्लासच्या पाट्या. गुढीपाडव्याची स्वागतयात्रा इथल्या गणेश मंदिराने १९९९ साली सुरू केली आणि मग ती गावोगाव गेली. सहा हजारांत बरी खोली मिळत होती. मी जवळजवळ होच म्हणणार होते. मग सोमवारी सकाळी आठला मुद्दाम डोंबिवली स्टेशनवर जाऊन उभी राहिले. पहिली गाडी सोडली, दुसरी सोडली, तिसरीत दोन बायकांनी मला आत ओढलं आणि दादरला उतरताना माझ्या एका पायात चप्पल नव्हती. हे रोज करणाऱ्या बायांबद्दल मला आदर आहे. डब्यात भाजी निवडतात, हळदीकुंकू करतात, सगळं खरं. पण ज्या वस्तीत मी रात्री साडेनऊला पोचणार आणि सकाळी सातला निघणार, ती कितीही नांदती असली तरी मला तिचा उपयोग फक्त रविवारी.

गिरगावात उलट. तिथे घरं रिकामी दिसत, पण भाड्याने नसत. कुठे पागडीचा वाद, कुठे भावाभावांचा. जी मिळत ती माझ्या खिशाला जड. लालबागला एक खोली मिळत होती, शिपाई काकांच्या ओळखीने, पण घरमालकाने फोनवर आडनाव विचारलं आणि थोडा वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, भाऊ येणार आहे गावाहून. त्या महिन्यात बऱ्याच जणांचे भाऊ गावाहून येणार होते. मुलुंडला एका बाईंनी मला चहा दिला, कौतुक केलं, आणि दारात सांगितलं, "आमच्या सोसायटीत अंडंसुद्धा चालत नाही, आणि एकटी मुलगी म्हणजे कमिटी प्रश्न विचारते." घाटकोपरला दलालाने आधीच यादी वाचली: मित्र नाहीत, मैत्रिणी मुक्कामाला नाहीत, दहाच्या आत घरात. मी म्हटलं, हॉस्टेलच दाखवा ना मग. नांदत्या वस्तीबद्दल बोलताना लोक हे सांगत नाहीत, की नांदतं घर आधी तुम्हाला उंबऱ्यावर उभं करून नीट बघून घेतं.

विक्रोळीला मी चुकून उतरले. म्हणजे उतरायचं होतं घाटकोपरला, पण दाराशी पोचेपर्यंत गाडी सुटली. पुढचं स्टेशन विक्रोळी. पूर्वेला बाहेर पडले तर शेअर रिक्षावाले "कन्नमवार, कन्नमवार" ओरडत होते. मारोतराव कन्नमवार राज्याचे दुसरे मुख्यमंत्री, चंद्रपूरकडचे, १९६३ मध्ये पदावर असतानाच गेले. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासात एक मार्काला विचारलेलं हे नाव मुंबईत कुणीतरी मासळीबाजारासारखं ओरडतंय, याची मला गंमत वाटली आणि मी बसले.

टागोर नगर मागे पडलं, हायवे ओलांडला आणि रिक्षा एकसारख्या चार मजली इमारतींच्या रांगांमध्ये शिरली. गृहनिर्माण मंडळाने कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी बांधलेली ही कन्नमवार नगर वसाहत. इमारतींना नावं नाहीत, नंबर आहेत. रंग उडालेले, पिंपळ भिंतीतून उगवलेले, सज्जांना पत्र्याचे जोड. सुंदर म्हणावं असं एकही बांधकाम नाही. पण रात्रीचे साडेआठ झाले होते आणि रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. कॅरमच्या बोर्डावर वर बल्ब लोंबकळत होता. दोन बायका स्टूल टाकून बोंबील साफ करत होत्या. एक आजोबा दुसऱ्या आजोबांना मोठ्याने पेपर वाचून दाखवत होते, बहुतेक सकाळचाच. कोथिंबिरीची जुडी पाच रुपये. आणि मुली, माझ्या वयाच्या, एकट्या, कानात हेडफोन घालून आरामात चालत होत्या. हे शेवटचं मी फार वेळ बघत उभी होते.

कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला विचारलं, "दादा, पाणी किती वाजता येतं?"

"सकाळी साडेपाच ते आठ. शनिवारी कमी." मग इस्त्री खाली ठेवून म्हणाला, "खोली पाहिजे काय?"

नंतरच्या वर्षांत नव्याने येणाऱ्या किती तरी मुलींना मी हेच सांगितलं: दलालाच्या आधी इस्त्रीवाला गाठा. कुठल्या घरात किती माणसं, कोण नोकरीला, कोण भांडखोर, कुठली खोली महिनाभर बंद आहे, हे त्याच्याकडे कपड्यांच्या गठ्ठ्यांवरून कळलेलं असतं. दलालाला एक महिन्याचं भाडं द्यावं लागतं. इस्त्रीवाल्याने माझ्याकडून काही घेतलं नाही, फक्त पुढची सगळी वर्षं माझे कपडे त्याच्याकडेच गेले.

खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. एक खोली, त्यातच पार्टिशन घालून केलेलं स्वयंपाकघर, मोरी, आणि दोन माणसं अंग चोरून उभी राहतील एवढी गॅलरी. भाडं ९ हजार, डिपॉझिट ४० हजार. घरमालकीणबाई बदलापूरला राहायला गेलेल्या. करार अकरा महिन्यांचा. कराराची नोंदणी करायला त्या नाखूश होत्या, "कशाला खर्च, घरचीच तू." इथे मात्र मी अडून बसले. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेला लागतो, आणि नोंदवून घेण्याची जबाबदारी घरमालकाची असते. नोंदवला नाही तर अटींबाबत भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. हे मी त्यांना इतक्या गोड आवाजात सांगितलं, की त्या दुसऱ्या दिवशी आधार कार्ड घेऊन आल्या.

इतकं स्वस्त कसं, हा प्रश्न मला आधी पडला नाही. मिळालं याचाच आनंद होता. खालच्या मजल्यावरच्या काकींशी ओळख झाल्यावर तो उलगडत गेला. काकी कणकवलीच्या, १९७९ साली लग्न होऊन या इमारतीत आलेल्या. मी रात्री जिन्यात दिसले की दारातूनच, "जेवलंस काय गो?" मी हो म्हटलं तरी वाटीत काही तरी यायचंच. त्यांच्या सांगण्याप्रमाणे या इमारतीच्या पुनर्विकासाची पहिली मीटिंग झाली तेव्हा त्यांचा मुलगा चौथीत होता. आता त्याची मुलगी चौथीत. तीन बिल्डर आले, दोन गेले. ज्यांना परवडलं ते बदलापूरला, अंबरनाथला मोठ्या घरात गेले, पण पुनर्विकासात मोठं घर मिळणार या आशेवर इथली खोली विकली नाही. तिला कुलूप लावलं तर ओल धरते, उंदीर होतात, आणि कमिटीत आपला आवाजही कमी होतो. म्हणून कुणी तरी राहतं ठेवायचं. मी ती कुणी तरी होते. माझं भाडं म्हणजे त्यांच्या दृष्टीने खोली जागी ठेवायचा खर्च निघाला, एवढंच. ज्या दिवशी इमारतीचं खरंच ठरेल, त्या दिवशी ही स्वस्ताई संपणार होती.

आणि दुसरी गोष्ट, जी समजायला मला जास्त वेळ लागला. ज्या गजबजीला भुलून मी इथे आले, ती खोल्यांच्या लहानपणातून आलेली होती. घरात सहा माणसं आणि खोली एक, तर आजोबा पेपर घेऊन खाली येणारच. मुलगा कॅरमवर, सून ओट्यावर, भाजी निवडणं जिन्यात. बैठकीची खोली घरात मावत नाही म्हणून ती रस्त्यावर मांडलेली. स्वस्त आणि नांदतं अशा दोन गोष्टी मी वेगवेगळ्या शोधत होते, आणि इथे त्या एकाच कारणातून आल्या होत्या. पवईच्या त्या घरात दिवाणखाना होता. माणसं त्यात बसली असणार.

याचे मी गोडवे गाणार नाही. चाळीतलं आयुष्य कसं आपुलकीचं, हे चाळ सोडून गेलेल्या माणसांकडून ऐकावं. राहणारा माणूस फोनवर चार शब्द बोलायला गच्चीची किल्ली शोधत असतो. माझा एक मित्र एकदा पुस्तकं द्यायला आला, वीस मिनिटं थांबला, आणि पुढचे तीन दिवस मला इमारतीतल्या चौघींनी चार प्रकारे विचारलं, "पाहुणे आले होते ना?" गणपतीत दहा दिवस स्पीकर माझ्या गॅलरीच्या समोर. पावसाळ्यात भिंतीला ओल, कपाटातल्या साडीवर बुरशी. पूर्वेला खारफुटी आणि त्यापलीकडे ठाण्याची खाडी. २०१५ मध्ये तिच्या एका भागाला रोहित पक्ष्यांचं अभयारण्य जाहीर केलं, २०२२ मध्ये ती रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली. पेपरात गुलाबी थव्यांचे फोटो येत. आमच्या वाट्याला डास आणि ओहोटीच्या वेळचा चिखलाचा वास.

पण तापाने चार दिवस झोपून होते तेव्हा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दार वाजलं. इस्त्रीवाला. "कपडे आले नाहीत म्हणून म्हटलं." त्याने खाली सांगितलं आणि दहा मिनिटांत काकी पेज घेऊन वर. परळहून रात्री अकराच्या गाडीने यायचे, विक्रोळी सातवं स्टेशन, रिक्षातून उतरून इमारतीपर्यंत चार मिनिटांचा रस्ता, आणि त्या चार मिनिटांत मला कधी मागे वळून बघावं लागलं नाही. नऊ हजारांत हेही धरलेलं होतं. करारात नोंद नव्हती.

मग समोरच्या रांगेतल्या दोन इमारती रिकाम्या झाल्या, आणि एक गंमत बघायला मिळाली, गंमत म्हणायची पद्धत म्हणून. बिल्डर घर सोडणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला महिन्याचं भाडं देतो. पोरांच्या शाळा इथे, नोकऱ्या इथे, डॉक्टर इथला. म्हणून सगळी कुटुंबं चालत जाता येईल एवढ्या अंतरातच खोल्या शोधायला लागतात. भाडं बिल्डरच्या खिशातून, त्यामुळे घासाघीसही कमी. वर्षभरात वसाहतीतलं भाडं पंधरावर गेलं, मग अठरावर. माझ्या घरमालकीणबाईंनी तीनदाच वाढवलं, तेही फोनवर अवघडत. समोर उभ्या राहिलेल्या टॉवरला आता नाव आहे, इंग्रजी, मला उच्चारता येत नाही असं. गेट आहे, वॉचमन आहे, तळघरात गाड्या. पाणी चोवीस तास. त्यातले बरेच जण आमचेच जुने शेजारी, आणि त्यांना दुपटीहून मोठं घर मिळालं याचा मला खरोखर आनंद आहे. सहा माणसांनी एका खोलीत का राहावं, माझ्या डोळ्यांना बरं दिसतं म्हणून? पण पेपर वाचून दाखवणारे आजोबा सतराव्या मजल्यावर गेले आणि खाली यायचे थांबले. लिफ्टचं बटण त्यांना दिसत नाही म्हणे. दुसरे आजोबा काही दिवस गेटबाहेर येऊन बसत.

यंदा होळीच्या सुमारास आमच्या इमारतीच्या बोर्डावर कागद लागला. सहा महिन्यांत खोल्या रिकाम्या करायच्या. मूळ मालकांना घर आणि तोवरचं भाडं, भाडेकरूंना नमस्कार. तक्रार नाही, हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी पुन्हा इस्त्रीवाल्याकडे गेले, तर त्याचाच ठेला उद्या कुठे असेल याचा पत्ता नव्हता.

काकींना भाडं मिळणार आहे, पण खोली त्यांनाच शोधायची. मुलगा दुबईला, सून नोकरीला. एका दुपारी त्या वर आल्या, गॅलरीच्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माका खंय येता घर बघूक? तू चल माझ्याबरोबर." इतक्या वर्षांत त्यांनी आयुष्यात एकदाही घर शोधलं नव्हतं. सासर दाखवलं ते हेच.

मागच्या रविवारी आम्ही टागोर नगरात एक खोली बघायला गेलो. दुसरा मजला, लिफ्ट, नवीन टाइल्स, पश्चिमेचा वारा. मी सवयीने पाण्याची वेळ विचारली, मोरीचा नळ सोडून बघितला, भिंतीवर हात फिरवून ओल आहे का पाहिलं, कराराचं बोलले. काकी काहीच बघत नव्हत्या. दलाल त्यांना कपाटं उघडून दाखवत होता आणि त्या "बरा, बरा" म्हणत होत्या. मग एकुलत्या एका खिडकीशी गेल्या, चष्मा वर केला, समोरच्या इमारतीच्या पाइपांकडे थोडा वेळ बघत राहिल्या.

"हंयसून रस्तो दिसणा नाय," त्या म्हणाल्या, आणि पायात चप्पल घालायला लागल्या.